आमच्या ह्यांचा चा-चा

आमचे हे रस्ता ओलांडताना झाडांकडे बघतात. थट्टा नाही करत. वनस्पतिशास्त्राचा माणूस आणि गाव चंदीगड, जिथं रस्ता बदलला की झाडाची जात बदलते. चौकाच्या गोलातून गाड्या सुसाट वळताहेत आणि हे मान वर करून यंदा बहाव्याला शेंगा किती धरल्यात ते बघत उभे. लग्न होऊन सांगलीहून इथं आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ह्यांची बाही धरायला शिकले. बाही धरायची, डावीउजवीकडे बघायचं आणि 'चला' म्हणून ओढत पलीकडे न्यायचं. विद्यापीठात पोरं ह्यांना वाकून नमस्कार करायची आणि फाटकाबाहेर मी ह्यांची हवालदारीण. आमचा संसार असाच चालला आणि चांगला चालला.

निवृत्तीनंतर ह्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. पेपराचं पान उलटताना फडफड व्हायची, तर मी म्हणायची, 'अहो, पंखा बंद करा.' पंखा बंदच असायचा. मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. पार्किन्सन म्हणाले. गोळ्यांनी हात जरा निवळला, पण मग पायांनी वेगळंच आरंभलं. चांगले चालत असताना एकदम जमिनीला चिकटायचे. दार आलं, अरुंद जागा आली की हटकून. मन पलीकडे पोचलेलं आणि पाय अलीकडे. आणि सुटले की पावलं एवढीएवढीशी, तुरुतुरु.

मग मी काय करणार? जन्मभर केलं तेच. ओढायची. 'अहो, टाका ना पाऊल!' म्हणून ओरडायचीसुद्धा. मला मेलीला राग आधी येतो आणि अक्कल मागून चालत येते. एकदा न्हाणीघराच्या दारात असंच ओढलं आणि हे तोंडावर आले. कपाळाला हे एवढं टेंगूळ. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग बर्फ घेऊन बाहेर आले.

त्या हॉस्पिटलात अमरावतीची एक डॉक्टर पोरगी आहे. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की मी निम्मी बरी होते, आजारी हे असले तरी. तिनं टेंगूळ पाहिलं आणि मलाच झापलं. "काकू, थांबले तं ओढू नका नं. पाय अडकलेला अन् वरचं अंग तुम्ही पुढं ओढता, मग काका पडतीलच नं! तालावर चालवून बघा त्यांना. गाणं लावा, टाळ्या वाजवा."

घरी येऊन मी देव्हाऱ्यातले टाळ काढले. भूपाळीपासून आरतीपर्यंत सगळं म्हणून पाहिलं. हे सोफ्यावरून म्हणाले, "अगं, मला चालायचंय. जोगवा नाही मागायचाय." मी टाळ आपटले आणि कुकर लावायला गेले.

मुलगा आमचा मोहालीत आयटीत आहे. इथंच वाढलेला, त्यामुळे आईलाही यार म्हणतो. तो एक दिवस गाडीतून व्हीलचेअर घेऊन आला. "आई, रोज नको गं. फक्त लांब जायचं असेल तेव्हा. पक्का आराम पडेल बाबांना, यार." पोराच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ह्यांनी त्या खुर्चीकडे पाहिलं आणि पेपर उचलून तोंडापुढे धरला. मी तिच्यावर जुनी चादर टाकली आणि बाल्कनीत ढकलून दिली.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना हे म्हणाले, "एक सांगून ठेवतो. मुलाच्या नव्या घरात मी माझ्या पायांनी शिरणार. त्यानंतर त्या खुर्चीत बसवा, नाहीतर आणखी कशात बसवा. मी हू की चू करणार नाही."

मुलाच्या फ्लॅटचं काम उरकत आलं होतं. हिवाळा सरला की वास्तुशांत करायची असं ठरत होतं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. माणसानं मागून मागितलं काय, तर मुलाच्या दारातून चार पावलं आत. तेही मला देता येणार नव्हतं, कारण ओढून देता येण्यासारखं ते नव्हतं.

मग ते झालं. हिवाळ्यातली दुपार, ऊन चांगलं पडलेलं, म्हणून ह्यांना सेक्टरमधल्या कम्युनिटी सेंटरच्या रस्त्यानं फिरायला नेलं होतं. फाटकाशीच पाय चिकटले. ओढायचं नाही हे लक्षात होतं, पण भररस्त्यात टाळ्या वाजवून गाणं म्हणायची मला लाज वाटली. मी आपली बाही धरून उभी. भुईमुगाच्या शेंगा विकणारा आमच्याकडे बघतोय, एक स्कूटर हॉर्न मारून गेली. एवढ्यात आतल्या हॉलमध्ये कुणीतरी गाणं लावलं. परदेशी गाणं, शब्द एक कळेल तर शपथ. पण ठेका असा की दोन ठोके दमानं आणि मग तीन भरभर. एका बाईचा आवाज त्यावर ओरडत होता, "टू, थ्री, चा-चा-चा!" आणि आमचे हे, देवाशप्पथ सांगते, फाटकाच्या आत. तुरुतुरु तीन पावलं टाकून आत गेले आणि स्वतःच दचकले. मागं वळून मला म्हणाले, "अगं, हे कोण करतंय?"

हॉलमध्ये 'चा-चा' नावाच्या परदेशी जोडीनाचाचा क्लास चालला होता. मला वाटायचं असले नाच फक्त सिनेमात असतात, झुळझुळीत झग्यातल्या बायकांचे. इथं तर बँकेतून निवृत्त झालेला एक सरदार आणि त्याची बायको, दोन-तीन लग्न ठरलेल्या जोड्या आणि शिकवणाऱ्या बाई. बाई साठीच्या. सलवार-कमीज, केसांना मेंदी आणि पायात टाचेचे सोनेरी बूट. नवरा फौजेत होता, त्यामुळे छावणी-छावणीतल्या क्लबांत नाचून शिकलेल्या. आवाज असा की समोरच्यानं आपोआप सावधान उभं राहावं. मी त्यांना ह्यांचा आजार सांगितला. त्यांनी ह्यांच्या पायांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दोनों आओगे तो आओ. अकेले का ये डान्स नहीं है."

म्हातारपणी चळ म्हणतात तो हाच, असं मनात म्हणत मी क्लासच्या पुढच्या वाराला पदर खोचून उभी राहिले.

बाई म्हणाल्या, एकमेकांचे हात धरा. आता हात धरा म्हटल्यावर सांगलीची बाई काय करेल? मी हातांची फुली केली, ह्यांचे पंजे पकडले, पाय जुळवले आणि मागं रेलले. आमच्या गल्लीत मंगळागौरीला माझ्याशी फुगडी धरायला पोरी घाबरायच्या. फुगडीचा नियमच तो. दोघींनी मागं रेलायचं आणि जीव गेला तरी हात सोडायचा नाही, सुटला की दोघी दोन भिंतींवर. माझ्या अंगात ते इतकं मुरलेलं की मला कळलंसुद्धा नाही. हे पांढरेफटक पडून म्हणाले, "अगं, गरगर फिरवतेस की काय मला?"

बाई धावत आल्या. "ओ भैणजी! हत्थ ढिल्ला! कुश्ती नहीं लडनी!" सगळा हॉल हसला. सरदारजी तर डोळे पुसत होते. मला असा संताप आला म्हणता! नाचता येईना अंगण वाकडे म्हणतील म्हणून तोंड मिटून घेतलं, एवढंच.

मग बाईंनी नियम सांगितला. या नाचात पुरुषानं न्यायचं आणि बाईनं जायचं. तो पुढं आला की तिनं मागं पाऊल टाकायचं, तेही मागं न बघता. आता मात्र माझं डोकं फिरलं. माझ्या सांगलीच्या हिंदीत मी त्यांना सांगितलं की या माणसाच्या भरवशावर मी गेले असते ना, तर आम्ही दोघं केव्हाच ट्रकखाली असतो. बाई अजिबात हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सडक पे आप देखो, भैणजी. यहाँ ये देखेंगे."

मला ते महिनाभर जमलं नाही. हात ढिला ठेवला की हे पडतील असं वाटायचं आणि नकळत मूठ वळायची. "हत्थ ढिल्ला!" मूठ सुटायची, पुन्हा वळायची. शेवटी एक दिवस बाईंनी ह्यांच्या तळव्यावर माझा तळवा नुसता ठेवला, तव्यावर पोळी टाकावी तसा, आणि मला डोळे मिटायला लावले. आधी नुसता कंप लागला. ह्यांचा हात कायमच थरथरतो, तेव्हा त्यात वेगळं काय कळणार? पण उभी राहिले. आणि त्या थरथरीच्या खालून, अगदी हलकेच, तळव्याला एक दाब आला. म्हणजे ये. म्हणजे आता. मी मागं पाऊल टाकलं आणि हे पुढं आले.

इतकी वर्षं या माणसाशी संसार केला, पण ह्यांनी मला हातानं काही सांगितलेलं मला आठवत नव्हतं. सांगितलं असेलही. मी बाही धरून ओढत असताना ऐकू कुठून येणार! मला एकदम भरून आलं. बाईंनी पाहिलं असावं, कारण त्यांनी गाण्याचा आवाज वाढवला आणि लग्नाळू पोरांवर ओरडायला तिकडे गेल्या.

त्या पोरांची गंमत निराळी. सगळी पंजाबी, त्यामुळे गाणं लागलं की खांदे आपोआप भांगड्यात जायचे. बाईंचं म्हणणं, खांदे गप्प ठेवा, गुडघा सरळ करा म्हणजे कंबर आपसूक हलते. पोरं ढांगा टाकायची, कुठल्या कुठे जायची, एकमेकांवर आदळायची. आणि बाई ओरडायच्या, "छोटे स्टेप! छोटे! प्रोफेसर साब को देखो!"

तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं. आजारानं पावलं लहान करून ठेवली, त्याची लाज वाटून हा माणूस लोकांत जाईनासा झाला होता. आणि इथं एक नाच असा, की ज्याला लहानच पावलं लागतात. चा-चा-चा म्हणजे तीन चिमुकली, भरभर पावलं. ज्या तुरुतुरु चालण्यासाठी आम्ही गोळ्या घेत होतो, तेच इथं ठेक्यात बसलं की शाबासकी मिळत होती. त्या दिवशी घरी येताना ह्यांनी मला एक झाड दाखवलं आणि त्याचं लॅटिन नावही सांगितलं. कितीतरी दिवसांनी.

मी त्या नाचाच्या प्रेमातच पडले हो. आमचे खेळ सगळे गोल फिरायचे. हा समोरासमोरचा. पुढं एक पाऊल टाकायचं, पण ते घट्ट रोवायचं नाही, वजन परत मागच्या पायावर घ्यायचं आणि मग तीन छोटी पावलं, कडेला नाहीतर पुढं. म्हणजे पुढं टाकलेलं पाऊल मागं घेता येतं आणि तरी नाच मोडत नाही, उलट त्यालाच नाच म्हणतात! ज्यानं हे पहिल्यांदा बसवलं त्याला माझा दंडवत. ठेका काय मिश्किल! दोन पावलं साळसूद आणि मग तीन पावलं खोडकर. त्यावर तोंड पाडून उभं राहणं कुणालाही शक्य नाही. आमचे सरदारजी गुडघे धरून यायचे आणि गाणं लागलं की कपडे सांभाळत नवरदेवासारखे मिरवायचे.

माझी आणखी एक खोड मोडायला वेळ लागला. मी मागं पाऊल टाकताना टाच आपटायची, झिम्म्यात आपटतो तशी. बाई म्हणायच्या, आधी पंजा. मागं काय आहे ते पंजाला कळू दे, मग टाच टेकव. मी स्वयंपाकघरात ओट्यापासून फ्रिजपर्यंत उलटं चालून सराव करायची. मोलकरीण म्हणाली, "मम्मीजी, कुछ गिर गया क्या?"

आजार बरा होतोय अशा भ्रमात मात्र मी नव्हते. तो बरा होत नाही. काही दिवस असे यायचे की गाणं लावा, टाळ्या वाजवा, पाय ऐकायचेच नाहीत. मग आम्ही दोघं हॉलच्या खुर्च्यांवर बसून इतरांचा नाच बघायचो आणि घरी यायचो. अशा दिवशी येताना मी बाल्कनीकडे बघायची नाही.

हिवाळा सरला, होळी झाली आणि वास्तुशांतीचा दिवस आला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आजकालच्या फ्लॅटना उंबरठा नसतो. मुलानं फ्लॅट घेतला तेव्हा ह्यांचं दुखणं नुसत्या हातापुरतं होतं. मी हट्ट धरला होता की उंबरठ्याशिवाय घर कसलं? लक्ष्मीनं यायचं कुठून आणि हळदकुंकू वाहायचं कशाला? मुलगा म्हणाला, "आई, सगळी सोसायटी प्लेन आहे गं." मी ऐकलं नाही. बिल्डरच्या माणसाला उभं करून काळ्या दगडाचा चांगला बोटभर उंच उंबरठा बसवून घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. लिफ्टमधून बाहेर पडले आणि समोर माझाच उंबरठा. हळद, कुंकू, आत-बाहेर दोन्हीकडे रांगोळी, वर झेंडूचं तोरण. आणि दारात सगळी माणसं, सुनेच्या माहेरची, सोसायटीतली, हातात फोन धरून उभी.

हे लिफ्टपासून छान चालत आले. दार वीतभर राहिलं आणि पाय चिकटले.

गुरुजी आतून म्हणाले, मुहूर्त आहे, या. कुणीतरी म्हणालं, "आइए, अंकलजी, आइए." हाक मारली की पाय आणखी घट्ट होतात हे त्यांना कुठून ठाऊक असणार! ह्यांच्या मानेवर घाम दिसायला लागला. मुलगा मागून माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "आई, चेअर खाली गाडीत आहे. दोन मिनिटांत आणतो. बाबांना त्रास नको, प्लीज." मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी ऐकलं होतं. डोळे उंबरठ्यावर, ओठ घट्ट मिटलेले. पोरासमोर, व्याह्यांसमोर हा माणूस तिथं उभा होता आणि माझी मूठ ह्यांच्या बाहीवर आपोआप वळली होती. एक हिसका दिला असता तर कदाचित आत आले असते. कदाचित त्या दगडावर कपाळ आपटलं असतं.

मी मूठ सोडली. पुढं जाऊन ह्यांच्या समोर उभी राहिले, घराकडे पाठ करून. माझा तळवा ह्यांच्या तळव्यावर ठेवला. नुसता ठेवला.

व्याहीणबाई म्हणाल्या, "भैणजी, क्या हुआ?" गुरुजींनी घंटा वाजवली, ती थांबली. गाणं नव्हतं, ठेका नव्हता. ह्यांचा हात थरथरत होता, रोजच्यापेक्षा जास्त. मी वाट बघत राहिले. मला काही करायचं नव्हतं आणि ते इतकं अवघड होतं की माझे दात एकमेकांवर वाजत होते. ह्यांचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. टू, थ्री. वजन एका पायावरून दुसऱ्यावर गेलं, मला खांद्यात कळलं. डावा पाय जरासा पुढं आला, परत मागं गेला. लोकांना वाटलं असेल, जमलं नाही. मुलगा खरंच लिफ्टकडे वळला.

मग त्या थरथरीच्या खालून दाब आला.

मी मागं पाऊल टाकलं. आधी पंजा. बोटांना उंबरठ्याची कड लागली, ती ओलांडून पाऊल खाली उतरलं, रांगोळीची भुकटी लागली, मग टाच टेकली. आणि हे पुढं आले. चा-चा-चा, तीन चिमुकली पावलं, मधलं पाऊल माझ्या काळ्या दगडावरून पार. रांगोळीतलं कमळ सगळं विस्कटलं. आम्ही दोघं घरात होतो.

आधी कुणालाच कळेना, टाळ्या वाजवाव्या की नाही. घरात कुणी पाठीनं शिरतं का! मग लिफ्टजवळून मुलानं "बाबा!" म्हणून हाक मारली, लहानपणी सायकलवरून मारायचा तशी, आणि सगळा मजला दणाणला. माझ्या डोळ्यांत काही मावेना. ह्यांना धाप लागली होती. पण तोंडावर तो क्लासातला मिश्किलपणा, शाबासकी मिळालेल्या पोरासारखा.

जरा दम घेऊन हे हळूच म्हणाले, "अगं, पडली असतीस की. मागं एकदा बघायचं तरी!"

मी म्हटलं, "मी कशाला बघू? तुम्ही बघत होतात ना."